शेताची गाडी: आधी बसून हिशेब करा

शास्त्रपाठ: लूक 14:28–30, अनुवाद 22:8



धडगाव भागातील आपल्या शेतासाठी गाडी घ्यावी म्हणून आपण प्रेमाने अर्पणे पाठवली. पैसे जमल्यावरही गाडी यायला आठ महिने लागले. उशीर का, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर म्हणून हा पाठ लिहीत आहे.

1. खर्च मोजा

बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू येशू शिकवतो. आधीची गाडी घेताना मी तसे केले नाही. किंमत कमी म्हणून एक जुना छोटा टेम्पो घेतला. डांबरी रस्त्यावर तो छान चाले, पण पावसाळ्यात त्याची लहान चाके शेताच्या वाटेवर चिखलात रुतत. दुसऱ्या वर्षी इंजिन खोलावे लागले. लोकांनी हसण्यासारखा तो अर्धवट बुरूज माझ्याच हातचा होता.

या वेळी आम्ही वही घेऊन बसलो. समजा, तळोद्याच्या बाजारात एका वेळी 1,000 किलो तूर आणि आमचूर न्यायचे आहे. छोटा टेम्पो 750 किलो नेतो आणि लिटरला 18 किलोमीटर चालतो. पिकअप सगळा माल एका खेपेत नेते, पण लिटरला 12 किलोमीटरच देते. डिझेल 90 रुपये धरले, तर टेम्पोला किलोमीटरला 5 रुपये आणि पिकअपला साडेसात रुपये पडतात. टेम्पो स्वस्त वाटतो. पण पिकअप वर्षाला 5,000 किलोमीटर चालली, तर त्याच मालासाठी टेम्पोला दोन-दोन खेपा करून 10,000 किलोमीटर चालावे लागेल. पिकअपचे डिझेल 37,500 रुपयांचे, टेम्पोचे 50,000 रुपयांचे. टायर आणि चालकाचा दिवस वेगळाच. म्हणून मायलेज पाहताना किती माल हलतो तेही पाहावे.

2. जुनी गाडी पारखून घ्या

नवी गाडी कर्जाशिवाय येत नव्हती, म्हणून आम्ही वापरलेली शोधली. इंजिन थंड असताना गाडी सुरू करून धूर पाहिला. चेसिस नंबर आर.सी.शी ताडून पाहिला. कर्जाचा बोजा, विमा आणि फिटनेस तपासले. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावे लागते, तो खर्चही धरला. भरलेली गाडी घाटात चढवून आणि उतरवून ब्रेक पाहिले. जवळच्या मिस्त्रीला तिचे काम येते का आणि सुटे भाग तळोद्यात मिळतात का, हेही विचारले.

3. कठडा बांधा

नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, म्हणजे कोणी पडून तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही, अशी आज्ञा अनुवादात आहे. चांदसैली घाटात बाजाराहून परतणारी माणसे हात दाखवत, आणि मी त्यांना हौद्यात बसवत असे. नाही म्हणणे निर्दयपणाचे वाटे. एका संध्याकाळी वळणावर गाडी घसरून कड्याच्या काठाशी थांबली. मागे अकरा जण होते, त्यांत दोन लेकरे. देवाने राखले.

मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे नेणे कायद्याने मना आहे, आणि अशांना विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. म्हणून आम्ही दोन रांगांच्या केबिनची पिकअप घेतली. आर.सी.वर लिहिली आहेत तितकीच माणसे आत बसतात, हौद्यात फक्त माल. आजारी माणसाला पहिली जागा. आजही कोणाला तरी रस्त्यावर सोडून पुढे जावे लागते, आणि ते जड जाते.

मननासाठी: आपल्या घरात किंवा मंडळीत स्वस्त म्हणून घेतलेली कोणती वस्तू महाग पडली? आपल्या कोणत्या चांगल्या कामाला अजून कठडा नाही?

प्रार्थना: आमच्या चालकासाठी, घाटातून रोज जाणाऱ्या सर्वांसाठी आणि यंदाच्या पिकासाठी प्रार्थना करा.