भिन्न कुळींच्या स्पीकरांचा मेळ

विद्यार्थिमित्रहो, नवी वस्तु घरांत आली कीं जुनी अडगळींत टाकावयाची, ही रीत आज घरोघर दिसते. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरींहि तोच प्रसंग ओढवला होता. चित्रपट पाहतांना आवाज चोहों बाजूंनीं यावा, अशी होम थिएटरची मांडणी करावयाचें आम्हीं योजिलें. रिसीव्हर एका नातलगांनीं दिलेला. दोन मोठे स्पीकर वडिलांनीं आपल्या पहिल्या पगारांतून घेतलेले. दोन लहान स्पीकर तिसऱ्याच ठिकाणाहून आलेले. सर्व तारा जोडून चित्रपट लावला, तों अर्ध्या तासांत रिसीव्हर आपोआप बंद पडला. पुन्हां लावला, पुन्हां बंद! "माझ्या पेट्या आतां भंगारांत द्या," असें वडील म्हणाले. ते हंसत म्हणाले खरे, परंतु त्या शब्दांतील खिन्नता आम्हांपासून लपली नाहीं. पुढें शोध करितां कळलें कीं, दोष पेट्यांचा नसून आमच्या अज्ञानाचा होता. ज्या चार गोष्टी समजल्यानें तें अज्ञान दूर झालें, त्या येथें सांगतों.

पहिली गोष्ट भाराची. चित्रपटाच्या ध्वनीचे भाग पाडून प्रत्येक स्पीकराला त्याचा त्याचा भाग व तो वाजविण्याची शक्ति पुरविणें, हें रिसीव्हरचें काम. स्पीकर विजेच्या प्रवाहास जो अडथळा करितो, तो ओहम या मापानें मोजतात. हें नांव गेऑर्ग ओहम या जर्मन गृहस्थाचें. कोलोन शहरीं शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकविलेल्या या शिक्षकानें १८२७ मध्यें आपला प्रसिद्ध नियम ग्रंथरूपानें मांडिला. दाब तोच ठेवून अडथळा निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो, असें तो नियम सांगतो. आमचे मोठे स्पीकर ८ ओहमचे व लहान ६ ओहमचे होते. आवाज मोठा निघावा या लोभानें एक मोठा व एक लहान असे दोन दोन स्पीकर आम्हीं एकाच टर्मिनलांवर समांतर जोडले होते. अशा जोडणींत दोन संख्यांच्या गुणाकारास त्यांच्या बेरजेनें भागावें लागतें. ४८ भागिले १४, म्हणजे सुमारें ३.४ ओहम! रिसीव्हरच्या पाठीवर तर ६ ओहमांहून कमी अडथळ्याचा स्पीकर लावूं नये, असें स्पष्ट छापलेलें होतें. प्रवाह बेसुमार वाढून यंत्र तापे व स्वतःच्या रक्षणार्थ बंद होई. प्रत्येक स्पीकर त्याच्या स्वतंत्र टर्मिनलांवर जोडतांच हा उपद्रव थांबला. जोडतांना विजेचा प्लग काढलेला असावा आणि लालास लाल, काळ्यास काळें टर्मिनल जुळावें. एका स्पीकराची तार उलटी लागली, तर एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो, आणि खर्जाचा आवाज क्षीण होतो.

दुसरी गोष्ट आवाजाच्या जोराची. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज निघतो, हा आंकडा स्पीकराच्या पुस्तिकेंत असतो. एकाचा आंकडा ९० व दुसऱ्याचा ८४ असेल, तर बरोबरी साधण्यास दुसऱ्यास चौपट शक्ति लागते. येथें एक सावधगिरी हवी. कांहीं पुस्तिकांत हा आंकडा एका वॅटवर नव्हे, तर २.८३ व्होल्टवर दिलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरास तेवढ्या दाबानें एक वॅट मिळतो, तर ४ ओहमच्या स्पीकरास दोन. म्हणून दुसरा ३ डेसिबल अधिक चांगला भासतो. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें! उपाय सोपा आहे. रिसीव्हरमध्यें परीक्षेचा खरखराट ऐकविण्याची सोय असते. आपल्या नेहमींच्या आसनावर बसून तो प्रत्येक स्पीकरांतून ऐकावा व सर्वांची पातळी सारखी करावी.

तिसरी गोष्ट आवाजाच्या जातीची. ती मात्र कोणत्याहि कळीनें पुरती जुळत नाहीं. २७ एप्रिल १९३३ रोजीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वाजणारा वाद्यवृंद बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनीं तारांच्या द्वारें वॉशिंग्टनच्या श्रोत्यांस ऐकविला. त्यासाठीं डावा, मधला व उजवा असे तीन स्वतंत्र मार्ग योजिले होते. आजहि पडद्याजवळचे हेच तीन स्थानक मुख्य होत. पडद्यावर मोटार डावीकडून उजवीकडे धांवतांना वाटेंत तिचा आवाज पालटला, तर सारा भास मोडतो. म्हणून हे तिघे एका कुळींचे असावे. आमच्याजवळ तसा मधला स्पीकर नव्हता. तेव्हां विजोड आणण्यापेक्षां तो नाहीं असेंच आम्हीं रिसीव्हरला कळविलें. मधल्याचा भाग त्यानें दोन्हीं मोठ्या स्पीकरांत वांटून दिला. मागील बाजूस बहुधा पाऊस, वारा, गर्दी यांचा आवाज येतो. तेथें परक्या कुळींचे लहान स्पीकर चालून जातात.

चौथी गोष्ट खर्जाची व अंतराची. लहान पेटीस खर्ज पेलत नाहीं. म्हणून तिची नोंद लहान अशी करून सुमारें ८० हर्ट्झच्या खालील ध्वनि सबवूफरकडे वळवावा. सबवूफर नसेल, तर मोठ्या स्पीकरांकडे. तसेंच ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरास जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद लागतात. आसनापासून प्रत्येक स्पीकराचें अंतर टेपनें मोजून रिसीव्हरला सांगितलें, कीं जवळच्यास तो तेवढा वेळ थोपवून धरतो.

एवढें केल्यावर आम्हीं तोच चित्रपट पुन्हां लाविला. वडील अखेरपर्यंत बसून राहिले; भंगाराची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. या कामीं आम्हांस एक रुपयाहि खर्चावा लागला नाहीं. लागला तो शाळेंत शिकलेला गुणाकार, भागाकार आणि थोडा धीर. पालकांस आमची विनंति अशी कीं, नवी वस्तु घेण्यापूर्वीं जुनीच्या पाठीवर काय छापलें आहे, तें मुलांकडून एकदां वाचवून घ्यावें. आणि विद्यार्थिमित्रहो, यंत्र बिघडलें असें म्हणण्यापूर्वीं आपली जोडणी तपासावी. पुष्कळ वेळां दोष तेथेंच सांपडतो.