भिंतीआधी पाण्याची वाट

लोणावळ्यात उताराची जागा घेणारा माणूस बहुधा दिवाळीच्या सुमारास ती बघायला येतो. गवत उभं, माती घट्ट, समोर डोंगर. भिंत बांधायची ती माती अडवायला, असं तो धरून चालतो. पण इथे भिंत पाडतं ते तिच्यामागे तुंबलेलं पाणी.

आमच्या बागेतली भिंत आधीच्या मालकांनी बांधून घेतलेली. काँक्रीटची, गुळगुळीत गिलाव्याची, आणि पाणी बाहेर पडायला एक भोक नाही. जुलैत तिला मधोमध पोट सुटलं. मग एका रात्री वरची माती लिंबाच्या झाडासकट खालच्या पायऱ्यांवर आली. खाली कोणी नव्हतं. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ रोजी पावसात सीमाभिंत कोसळली, तेव्हा खाली मजुरांच्या झोपड्या होत्या. १५ माणसं गेली.

इकडे चोवीस तासांत २०० मिलिमीटर पाऊस झाला तर कोणी नवल करत नाही. एका गुंठ्यावर ते वीस हजार लिटर पाणी होतं. शिवाय भिंतीची उंची दुप्पट केली की मागचा रेटा चौपट होतो. म्हणून आठ फुटांच्या एका भिंतीपेक्षा चार-चार फुटांच्या दोन बऱ्या, मध्ये आठेक फुटांचा पट्टा सोडून. चार फुटांच्या वर जायचंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका.

मावळात उतारावरच्या खाचरांना जिथे दगडी ताल आहेत, ते जाऊन बघा. डबर नुसतं रचलेलं असतं, सिमेंटचा पत्ता नाही, पाणी फटीफटींतून निघून जातं. आम्ही तसंच केलं: पाया मुरमापर्यंत, तळाची रुंदी उंचीच्या निम्मी, फुटामागे दोन इंच आतल्या बाजूला कल, मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड. मागे फूटभर खडी, आणि खडी-मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड. गवंडी म्हणेल, ‘साहेब, दर्जा भरून देतो, उघडी बरी नाही दिसत.’ भरू देऊ नका.

पायऱ्यांचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात भाज्याकडून विसापूर चढलेल्यांना पायऱ्यांवरून वाहणारा ओहळ आठवत असेल. सहलीत गंमत वाटते, स्वयंपाकघराच्या दारात नाही. बागेतही पायऱ्या नेमक्या घळीतच काढल्या जातात, कारण तिथे खोदाई कमी लागते. त्यापेक्षा एक पावसाळा थांबा, पाणी कुठून उतरतं ते बघा, ती जागा चराला द्या आणि पायऱ्या बाजूने तिरक्या न्या. चढ सहा इंच, पाऊल टेकायला चौदा, पुढे किंचित उतार. पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाइट अजिबात नको; श्रावणापर्यंत त्यावर शेवाळ धरतं. टाकी लावलेला काळा दगड घ्या.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन भिंतीसमोर उभे राहा. फटींतून स्वच्छ पाणी येत असेल तर काळजी नाही. बराच वेळ गढूळ येत राहिलं, तर मागची माती वाहून चालली आहे. कापड कुठेतरी राहिलंय किंवा फाटलंय. पावसाने उघडीप दिली की तेवढा भाग उकलून पुन्हा रचून घ्या.