घर, बिऱ्हाड आणि भाडे : महाराष्ट्राच्या गृहगणनेच्या आधारे काही मराठी साहित्यकृतींचे वाचन

मराठी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मराठी कथा-कादंबऱ्यांचे अध्यापन करताना सर्वाधिक अडचण तात्त्विक परिभाषेची होत नाही. ती घराशी निगडित अशा अगदी साध्या शब्दांची होते. बिऱ्हाड, खोली, पोटभाडेकरू, पागडी, ओटी, माळवद, वाडा हे शब्द अनुवादात एक तर 'घर' या एकाच शब्दात विरघळून जातात किंवा तळटिपेत जाऊन बसतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट हरवते. हे शब्द वास्तूचे वर्णन करतात तसेच त्या वास्तूत राहण्यासाठी कोणाला काय मोजावे लागले याचीही नोंद करतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या गृहगणनेतील काही वर्गवाऱ्या आणि काही परिचित मराठी कृती शेजारी ठेवून या दुसऱ्या अर्थाचा शोध घ्यावयाचा आहे.

तक्त्यांपासून आरंभ करू. २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे २०११ च्या गृहगणनेचाच आधार घेणे भाग आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात सुमारे २ कोटी ३८ लाख कुटुंबे मोजली गेली. त्यांपैकी १ कोटी ३० लाख ग्रामीण, तर १ कोटी ८ लाख नागरी भागातील होती. प्रत्येक कुटुंबाविषयी भिंत कशाची, छप्पर कशाचे, राहत्या खोल्या किती, त्यांत विवाहित जोडपी किती, पाणी कोठून येते, चुलीला इंधन कोणते, घर स्वतःचे की भाड्याचे, असे प्रश्न विचारले गेले. भाडे किती, हे मात्र विचारले गेले नाही. अमेरिकेच्या १९४० च्या पहिल्या गृहगणनेतही भाड्याचा आकडा होता. आपल्याकडे तो खर्चाच्या नमुना पाहण्यांत सापडतो, घरोघर फिरणाऱ्या प्रगणकाच्या पत्रिकेत सापडत नाही. म्हणजे राज्यातील प्रत्येक घराचे छप्पर आपल्याला माहीत आहे, पण त्या छपराखाली राहण्याची किंमत माहीत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी ही रिकामी जागा आहे.

कुटुंबाची व्याख्या मात्र जनगणनेने मोठ्या शहाणपणाने केली आहे. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एका सामाईक स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. 'त्यांची चूल वेगळी झाली' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो हीच व्याख्या वापरत असतो. रक्ताचे नाते, छप्पर आणि मालकी यांपैकी काहीही न बदलता केवळ चूल विभागली की एका कुटुंबाची दोन कुटुंबे होतात, हे भाषेला गणना खात्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

पुढच्याच रकान्यात भाषा आणि तक्ता यांची फारकत होते. 'स्वतःचे' आणि 'भाड्याचे' या दोन कोठ्यांना मराठीत 'घर' आणि 'बिऱ्हाड' हे जवळचे शब्द आहेत असे वाटते, पण त्यांचा मेळ बसत नाही. बिऱ्हाड म्हणजे भाड्याचे घर नव्हे. बिऱ्हाड म्हणजे उचलून नेता येईल असा संसार. म्हणून तर विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. रत्नागिरीचा गिरणी-कामगार परळला तीस वर्षे राहिला तरी त्याचे 'घर' कोकणात असे आणि परळला 'बिऱ्हाड'. दोन्ही शब्द तो एकाच वाक्यात, कसलाही विरोध न जाणवता वापरी. गणनेला मात्र तो परळला सापडतो आणि भाडेकरू म्हणून नोंदला जातो. त्याचे कोकणातले घर, म्हातारी माणसे गेल्यावर, कुलूपबंद म्हणून 'रिकाम्या' घरांत जमा होते. गणपतीत ते उघडले जाईल, याची तक्त्याला कल्पना नसते. २०११ मध्ये देशभरात रिकामी म्हणून नोंदली गेलेली घरे सुमारे २ कोटी ४६ लाख होती. त्यांतली किती खरोखर सोडून दिलेली आणि किती वाट पाहत थांबलेली, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आता भाड्याकडे वळू. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानले. शिवाय भाडेकरू मृत्यू पावल्यास त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेपट्टा जाण्याची तरतूद केली. या दोन गोष्टींचा एकत्रित परिणाम असा की चाळीतील खोली आजोबाकडून नातवाकडे जाऊ लागली आणि तिचे मासिक भाडे हळूहळू नाममात्र झाले. गोठलेल्या भाड्याची भरपाई मालकाने पागडीने केली. खोली हाती लागताना एकरकमी, पावतीविना द्यावयाची ही रक्कम १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरवली होती. तरीही ती सर्रास चाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तिला अखेर मान्यता दिली. सुमारे अर्धे शतक मुंबईतील घराची खरी किंमत लेखी नोंदीबाहेर आणि बोलभाषेच्या आत नांदत होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या पार्श्वभूमीवर पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' (१९५८) पुन्हा वाचले म्हणजे एक गोष्ट जाणवते. तेथील माणसांना पैशाची चणचण आहे, जागेची त्याहून आहे. पण भाडे न परवडल्यामुळे कोणी चाळ सोडून जाईल, ही भीती त्या विनोदाच्या आसपास फिरकत नाही. चाळसंस्कृतीतील जिव्हाळ्याविषयी आपल्या समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि सामाईक उत्सव यांतून तो उपजला, हे खरेच. परंतु माणसे एकमेकांच्या शेजारी तीन-तीन पिढ्या टिकून राहिली म्हणूनच तो मुरला, आणि ती टिकली यात गोठलेल्या भाड्याचा वाटा लहान नाही. शेजार हा स्वभावगुण आहे असे मानून आपण लिहीत आलो; तो काही अंशी कायद्याच्या एका कलमाचाही परिणाम आहे, हे टीकाकारांनी अद्याप पुरेसे मनावर घेतलेले दिसत नाही.

त्या स्थैर्याची किंमतही होती. तुटपुंज्या भाड्यावर मालक दुरुस्ती करीनासा झाला आणि जुन्या इमारती कोसळू लागल्या. म्हणूनच १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. त्या वेळी सुमारे १९,६०० इमारती त्याच्या कक्षेत आल्या. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात संपानंतरच्या गिरणगावातील कुटुंब आपल्याला भेटते. पगार संपतो, गिरणी संपते, खोली तेवढी उरते. आणि जे उरते तेच आता बाजारात मोलाचे झालेले असते. विनोदी चाळ आणि शोकात्म चाळ यांच्यामधील अंतर लेखकाच्या प्रकृतीइतकेच जमिनीच्या भावानेही पडले आहे.

खोलीच्या आकाराविषयी थोडे. १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने बांधलेल्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ होत्या. त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची. आज त्यांच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे. २०११ मध्ये देशातील ३७ टक्के कुटुंबांपाशी एकच राहती खोली होती आणि जवळजवळ ४ टक्क्यांपाशी स्वतंत्र अशी एकही नव्हती. गणनेच्या पत्रिकेत खोल्यांच्या रकान्याशेजारीच विवाहित जोडप्यांचा रकाना यावा, हे मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. नोकरशाहीच्या कोरड्या भाषेत तेथे एकान्ताचा प्रश्न विचारला गेला आहे. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या मराठी चित्रपटाने हाच प्रश्न नवपरिणीत दांपत्याच्या निमित्ताने हसत हसत मांडला, आणि बासू चटर्जी यांनी 'पिया का घर' (१९७२) मध्ये तो हिंदीत नेला. शीर्षकाच्या या प्रवासात 'जावई' गेला आणि 'घर' आले. तौलनिक अभ्यासकाला यावर अधिक विचार करता येईल.

चाळीतून झोपडपट्टीकडे जाताना 'स्वतःचे' हा शब्द आणखीच निसरडा होतो. २०११ च्या गणनेत महाराष्ट्रात झोपडपट्टीत राहणारे १ कोटी १८ लाख लोक नोंदले गेले, देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. आणि देशभरातील झोपडपट्ट्यांमधील सुमारे ७० टक्के कुटुंबांनी आपले घर स्वतःचे असल्याचे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने यांतील अनेकांच्या पायाखालची जमीन त्यांची नाही. मग हा आकडा खोटा आहे काय? अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि तेथील माणसांवर त्यांनी लिहिले. जयवंत दळवी यांनी 'चक्र' (१९६३) मध्ये झोपडपट्टीचे जग बाहेरून येऊन, पण बारकाईने पाहिले. या लेखनाच्या आधारे म्हणता येते की पत्रा, बांबू आणि फळ्या ज्याने जमवल्या त्याला ते घर आपले वाटते, आणि त्याच वेळी ते उद्या पाडले जाईल हेही तो जाणतो. या दोन्ही जाणिवा एकत्र नांदतात. तक्ता त्यांतील पहिलीच नोंदवू शकतो.

'भाड्याचे' या कोठीतही अशीच सरमिसळ आहे. पागडी देऊन बसलेला आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर आलेला हे दोघे तेथे एकत्र बसतात. वस्तुतः दुसरा कायद्याने भाडेकरूच नव्हे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मधील कावाखान्यात एकेका लहान खोलीत पोटभाडेकरूंचे संसार सामावलेले असतात. 'पोटभाडेकरू' हा शब्द पाहावा : एका भाडेकरूच्या पोटात दुसरा. इतर भाषांत त्याला 'उपभाडेकरू' म्हणून भागते, पण 'उप'मध्ये ती दाटी येत नाही.

आणि ज्याला भाडे द्यावयाची ऐपत असूनही घर मिळत नाही त्याचे काय? बाबुराव बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेतील नोकरीसाठी परमुलखात गेलेल्या तरुणाला निवाऱ्यासाठी जात लपवावी लागते, आणि ती उघड झाल्यावर मार खावा लागतो. घराच्या खर्चाविषयीची कोणतीही पाहणी ही किंमत विचारीत नाही, आणि विचारली तरी तिचे उत्तर रुपयांत येणार नाही. माझ्या मते मराठीतील घरविषयक साहित्याचा विचार 'बटाट्याची चाळ'पासून सुरू करण्याची रूढी सोडून या कथेपासून करावयास हवा. चाळीत कोण कसे राहिले याआधी चाळीत कोणाला येऊ दिले, हा प्रश्न येतो.

आतापर्यंतचे विवेचन मुंबईभोवतीच फिरले. साहित्यही तेथेच फिरते, हा त्याचा दोष आहे. राज्यातील निम्म्याहून अधिक कुटुंबे ग्रामीण आहेत, आणि तेथे वर्गवारीचा गोंधळ छपरापासून सुरू होतो. गवत, पेंढा, बांबू, लाकूड आणि माती या साऱ्यांची छपरे गणनेने एकाच ओळीत घातली आहेत. त्यामुळे डोंगरातील गवताने शाकारलेले खोपट आणि मराठवाड्यातील माळवद एका कोठीत येतात. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, वर धान्य वाळते, रात्री अंथरुणे पडतात. राज्यातील सर्वांत हलके आणि सर्वांत जड छप्पर तक्त्यात एकच ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा हा फरक जीवघेणा ठरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. गरिबांची खोपटी पुष्कळ ठिकाणी तगली, मोठ्यांचे वाडे पडले.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे देताना जमीनधारणेचे माप लावले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या धारकांना २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत त्याहून मोठे, आणि त्याहून अधिक असणाऱ्यांना ७५०. जुन्या गावात जे अंतर गल्ल्यांनी आणि वाड्यांच्या उंचीने दिसत असे ते आता चौरस फुटांत लिहिले गेले. छप्पर मात्र साऱ्यांचे 'पक्के', म्हणजे तक्त्याच्या दृष्टीने प्रगतीच.

अशा वेळी महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५ मध्ये रंगभूमीवर) या नाटकातील वैदर्भीय वाडा आठवतो. प्रगणक त्या दारी आला असता तर त्याने भिंती दगडाच्या, मालकी स्वतःची, खोल्या पुष्कळ, असे लिहून तो पुढे गेला असता. महाराष्ट्रातील सर्वोत्तम घरांत त्याची गणना झाली असती. नाटकात मात्र तोच वाडा वडिलांच्या मृत्यूनंतर जमलेल्या मुलांच्या डोक्यावरचे ओझे आहे. दिवसांचा खर्च, प्रतिष्ठेचा खर्च, डागडुजीचा खर्च आणि वाटणीचा हिशेब यांनी त्याच्या भिंती आतून पोखरलेल्या आहेत. स्वतःच्या घराला भाडे नसते, हा भाबडा समज हे नाटक खोडून काढते. 'चिरेबंदी' हा शब्द अनुवादताना केवळ 'दगडी' म्हटले तर टिकाऊपणाचा जो दावा घराण्याने त्या चिऱ्यांत बसवला होता तो नाहीसा होतो, आणि मग त्याचे ढासळणे प्रेक्षकाला नुसते वास्तूचे ढासळणे वाटते. माझ्या वर्गातील एका मल्याळम्‌भाषक विद्यार्थिनीने या ठिकाणी आपल्या 'तरवाड' या शब्दाची आठवण करून दिली. दोन्ही शब्दांत वास्तू आणि वंश एकत्र बांधलेले आहेत. पण तरवाडात मातृवंशाची वाटणी आहे, वाड्यात मुलग्यांची. नाटकातील मुलीचा त्या घरावर हक्क किती, हा प्रश्न त्यामुळे वर्गात प्रथम उपस्थित झाला, आणि उरलेला तास त्यातच गेला.