मोठ्या माशात विष कसे साठते?



आपण किनाऱ्यावरची माणसं. मासळीशिवाय आपल्याला घास गोड लागत नाही. मासळी पौष्टिक आहे, ती खायलाच हवी. पण कोणती व कशी खावी, हे कळावे म्हणून मी हा पाठ लिहीत आहे.

घरी आजी-आजोबांना डीडीटीबद्दल विचारा. पूर्वी हिवतापाचे डास मारायला ती घरोघर फवारत. शेतावरही मारत. डास मरत, पण डीडीटी लवकर कुजत नाही. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र विरघळते. जास्त झालेले मीठ लघवीवाटे निघून जाते. डीडीटी चरबीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते. जुन्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधल्या पीसीबी नावाच्या तेलाचीही हीच तऱ्हा.

आता एक गणित घालतो. आकडे मनाचे आहेत, बरं का! एका जवळ्यात विषाचा १ कण धरा. एका मांदेलीने १०० जवळे खाल्ले. तिच्यात कण किती? १००. एका सुरमईने अशा ५० मांदेल्या गिळल्या. तिच्यात किती? ५,०००! खरे तर थोडे कण बाहेरही पडतात, पण बरेचसे आतच राहतात.

असे खरोखर घडले आहे. अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनारी दलदलीत डासांसाठी अनेक वर्षे डीडीटी फवारली होती. तिथली तपासणी १९६७ साली प्रसिद्ध झाली. दर दहा लाख भागांत डीडीटीचे भाग साधारण असे होते :

पाण्यातले सूक्ष्म जीव – ०.०४
लहान मासे – पाव ते १
मोठे मासे – २
मासे खाणारे पक्षी – २५

पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सहाशेपट वाढ! डीडीटीमुळे मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन अंडी फुटू लागली. अमेरिकेने १९७२ साली तिच्यावर बंदी घातली. भारतात १९८९ साली शेतीतला वापर बंद झाला. तरी जुने विष चिखलात टिकून राहते.

पक्ष्यांच्या पायरीवर आपणही उभे आहोत. ही विषे आईकडून पोटातल्या बाळापर्यंत जातात. पीसीबीने बाळाच्या मेंदूची वाढ बिघडू शकते. उकळून वा तळून ती नाहीशी होत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवा :
१. तारली, मांदेली, बांगडा अशी छोटी मासळी जास्त खा. मुशीसारखे मोठे शिकारी मासे कमी खा. गरोदर बायका व लहान मुलांनी तर फारच कमी.
२. रोज एकच मासा नको, आलटून-पालटून खा.
३. आतडी, काळीज, चरबी काढून टाका. मोठ्या माशाची कातडीही काढा.
४. फवारणीचे डबे व्हाळात, खाडीत धुऊ नका. घरच्यांनाही सांगा.

व्हाळात टाकलेले खाडीत जाते आणि खाडीतले आपल्या ताटात येते.