बार्शीच्या वर्गातला समुद्र

बार्शीत समुद्र नाही. तरी चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी दरवर्षी मुलांना एक बंदर दाखवत आलो: क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज', फ्रान्समधल्या ल हाव्रची १८७२ची सकाळ. त्या चित्रानं मलाच जे शिकवलं, ते लिहून ठेवतो.

१. मूळ चित्र पाहावं. लेकीकडे पॅरिसला गेलो तेव्हा मार्मोतां संग्रहालयात ते पाहिलं. जेमतेम ४८ बाय ६३ सेंटिमीटर! माझ्या वर्गातली छापील प्रत त्याहून मोठी होती. पण पाण्यावरची ती नारिंगी तिरीप म्हणजे ब्रशचे मोजकेच फटकारे आहेत, हे प्रतीत कधी दिसलं नव्हतं.

२. उजेड म्हणजे पांढरा, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. चुकीचं शिकवलं. या चित्राचा मोबाईलवर कृष्णधवल फोटो करून बघा, सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी हे उलगडून सांगितलंय: सूर्य आणि मागचं करडं आभाळ, दोन्ही सारखीच उजळ आहेत. मेंदूचा जो भाग उजळपणा ओळखतो त्याला रंग कळत नाही, म्हणून तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. वर्गात हे केलं तेव्हा मुलं फोन एकमेकांच्या हातातून ओढून घेत होती.

३. समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्र काढायला लावू नये. ती निळी पट्टी ओढतात आणि वर शिडाची होडी ठेवतात. एकदा सकाळी मी त्यांना भुसार बाजारात नेलं. तूर उतरत होती. धुरळ्यात गाळ्यांच्या कडा विरघळलेल्या, हमाल आणि पाठीवरचं पोतं मिळून एकच सावली, मागे तांबडा गोळा. ल हाव्रला धुकं आणि धूर, आमच्याकडे तुरीचा धुरळा. त्या दिवशी मुलांच्या चित्रांत पहिल्यांदा हवा आली.

४. विषयासाठी लांब जावं लागत नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान तिथलंच कोटितीर्थ पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तेवढं एक तळं त्यांना पुरलं.

५. 'अपूर्ण' हा शेरा जपून मारावा. मोनेचं हे चित्र १८७४मध्ये प्रदर्शनात लागलं तेव्हा लुई लरॉय या समीक्षकानं त्याची टर उडवली, भिंतीला चिकटवायच्या कागदाचा कच्चा नमुनाही याहून पुरा असतो म्हणून. मीही एका मुलाच्या पावसातल्या रेल्वे फाटकावर लाल शाईनं तोच शब्द लिहिला होता. तो आता आडतीवर बसतो. चित्र माझ्या कपाटात आहे. शाई निघत नाही, म्हणून मागच्या बाजूला पेन्सिलीनं गुण वाढवून लिहिलेत.