लंगड्या बदकाची जोपासना

कोंबड्यांबरोबर दोनचार बदकें पाळण्याची हौस लहान शेतकऱ्यांतही दिसून येते. बदक गोगलगाई व किडे वेंचतें, अंडीं देतें, आणि घरांतील मुलांस त्याचा फार लळा लागतो. परंतु त्यांतील एखादें लंगडें झालें म्हणजे "हें आतां कामाचें नाहीं" असा निकाल क्षणांत दिला जातो. हा निकाल देण्यापूर्वीं शेतकऱ्यानें काय पाहावें व काय करावें, हें या पाठांत सांगावयाचें आहे.

आमचें घर छत्रपती संभाजीनगरांत औरंगपुऱ्यास, व भाजीपाल्याची थोडीशी जमीन शहराबाहेर. तेथें कोंबडीच्या पिलांबरोबर बदकाचें एक पिलूं घेतलें व सर्वांस एकच चारा घातला : कोंबड्यांचें बाजारी खाद्य व ज्वारीच्या कण्या. कोंबडीचीं पिलें बाळसें धरूं लागलीं. बदकाचें पिलूं मात्र तिसऱ्या आठवड्यांत चार पावलें टाकून बसूं लागलें. त्याचे घोट्याचे सांधे सुजले व पाय धनुष्यासारखे वांकले. वडीलधाऱ्यांनीं आशा सोडली. धाकट्या मुलीनें तें मांडीवर घेतलें, तें सोडीना. पशुवैद्यास दाखविलें तेव्हां कळलें कीं, दोष पिलाचा नव्हता, आमच्या खाद्याचा होता.

कारण. बदकास नियासिन या ब-वर्गांतील जीवनसत्त्वाची गरज कोंबडीहून पुष्कळ अधिक असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाच्या १९९४ सालच्या कोष्टकांत अंड्यांच्या जातीच्या कोंबडीच्या पिलांसाठीं दर किलो खाद्यांत २७ मिलिग्रॅम, तर बदकांसाठीं ५५ मिलिग्रॅम नियासिन सांगितलें आहे. मका व ज्वारी यांतील नियासिन बरेंचसें बांधलेल्या स्थितींत असल्यामुळें अंगीं लागत नाहीं. हा अनुभव केवळ पक्ष्यांचा नाहीं. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा हा नियासिनच्या अभावाचा रोग आढळे, हैदराबादचे डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याचा संबंध ज्वारींतील ल्युसिन या घटकाशीं जोडून दाखविला. मग निव्वळ कण्यांवर वाढणाऱ्या पिलाचे पाय लुळे पडावे यांत नवल कसलें ?

यावर उपाय म्हणून दर किलो खाद्यांत ३० ते ४० ग्रॅम वाळविलेलें निर्जीव यीस्ट मिसळावें. पाव फुगविण्याचें जिवंत यीस्ट घालूं नये. पाय वांकूं लागलेले असल्यास यीस्टनें भागत नाहीं. नियासिनची मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी, व त्यांत एक दिवसाचीही दिरंगाई करूं नये. हाड एकदां वांकून घट्ट झालें म्हणजे तें पुन्हां सरळ होत नाहीं.

पेंडीविषयीं सावधगिरी. भुईमुगाच्या पेंडींत नियासिन भरपूर असतें, म्हणून ती घालावी असें कोणासही वाटेल. परंतु बुरसलेली पेंड बदकास विष आहे. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. बदकांचीं पिलेंही मेलीं. शोधाअंतीं दोष भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीच्या विषाचा, म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा, ठरला. बदकाचीं पिलें या विषास इतकीं हळवीं असतात कीं, त्याची परीक्षा करण्यासाठीं शास्त्रज्ञ त्यांचाच उपयोग करूं लागले. उन्हांत वाळविल्यानें किंवा शिजविल्यानें हें विष पुरतें जात नाहीं. सबब पावसाळ्यांत साठविलेली, कुबट वासाची पेंड बदकापुढें कधींही ठेवूं नये.

परीक्षा. लंगडण्याचीं कारणें अनेक आहेत. बदक पाय धरून कधींही उचलूं नये. पंखांवरून दोन्ही हातांनीं धरून छातीखालीं आधार द्यावा. मग क्रमानें पाहावें :

(१) तळव्यास काळी खपली व तिच्याखालीं कठीण गांठ असल्यास तें तळव्याचें गळूं होय. खडबडीत व सदा ओली जमीन हें त्याचें मुख्य कारण. तें घरीं कापूं नये.

(२) नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे पाय दोन बाजूंस फांकत असल्यास जमीन गुळगुळीत आहे असें समजावें. जाडेंभरडें कापड अंथरावें. पाय स्वाभाविक अंतरावर मऊ पट्टीनें सैल बांधावे व पट्टी रोज सोडून पाहावी.

(३) पाय भलत्याच कोनांत लोंबत असल्यास हाड मोडलें आहे. तत्काळ पशुवैद्य गांठावा.

(४) पिलूं वाढतें असून दोन्ही पायांचे सांधे सुजले असल्यास प्रथम खाद्याचा संशय घ्यावा.

रोजची निगा. लंगडें बदक बसून राहतें, आणि बसून राहण्यानेंच त्याचा नाश होतो. छातीस घट्टे पडतात, शेपटीखालीं विष्ठा चिकटते व पावसाळ्यांत तेथें माशा बसून किडे पडतात. म्हणून त्याखालीं कोरड्या पेंढ्याचा जाड थर ठेवावा, तो दिवसांतून दोनदां बदलावा, बदकाची कूस पालटावी व मागील भाग धुवून कोरडा करावा. चारा व पाणी चोंचीच्या टप्प्यांत असावें. भांडें इतकें खोल असावें कीं, बदकास सबंध डोकें बुडवितां येईल. एरवीं डोळे व नाकपुड्या स्वच्छ राहत नाहींत, आणि कोरडें खाद्य पाण्यावांचून त्याच्या घशाखालीं उतरत नाहीं.

पाणी हेंच त्याचें उत्तम औषध. पाण्यांत शरीराचा भार हलका होऊन दुबळे पाय आपोआप चालूं लागतात. मोठ्या टोपल्यांत बदक तरंगेल इतकें पाणी घेऊन दहा मिनिटें, दिवसांतून दोनदां, त्यास सोडावें. थंडींत पाणी कोमट असावें. परंतु जवळून हलूं नये. लंगड्या बदकास शेपटीजवळील तेल पिसांस नीट लावतां येत नाहीं. पिसें भिजून तें बुडूं शकतें.

त्यास एकटें कोंडूं नये; बदक संगतीचा पक्षी आहे. एखादी शांत मादी सोबत द्यावी, बाकीचीं जाळीपलीकडे दिसतील असें करावें. नर मात्र दूर ठेवावे, कारण ते दुबळ्या मादीस चिरडतात. पळतां न येणाऱ्या पक्ष्यास मुंगूस व कुत्रें प्रथम गांठतें, म्हणून रात्रीं पक्का खुराडा हवा.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊं नयेत. गुरांस सोसणाऱ्या डायक्लोफिनॅकनें गिधाडें मेलीं, म्हणून जनावरांसाठीं त्याच्या वापरावर २००६ सालीं बंदी आली, हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. अनेक पक्षी एकदम लुळे पडूं वा मरूं लागल्यास मात्र घरगुती उपाय बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें व मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातानें शिवूं नये. त्याच २००६ सालीं भारतांतील पहिली बर्ड फ्लूची साथ आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूर येथें उघडकीस आली होती.

या खटपटीचा मोबदला काय ? असा प्रश्न व्यवहारी शेतकरी विचारील. त्यास उत्तर हें कीं, जें एकास लंगडें करतें तेंच उद्यां साऱ्या कळपास करील. लंगडें बदक ही पहिली सूचना होय. तें मारून टाकलें म्हणजे सूचना नाहींशी होते, कारण जसेंच्या तसें राहतें. आणि दुसरें : औरंगपुऱ्यांत नाथांचें मंदिर आहे. तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास रामेश्वरासाठीं आणलेलें गंगोदक पाजणाऱ्या एकनाथांची कथा आपण मुलांस सांगतों. तीं मुलें घरच्या मुक्या जीवाशीं आपण कसें वागतों हेंही पाहतात. बदक खात नाहीं, मान उचलत नाहीं व पशुवैद्यही सुटका नाहीं म्हणतो, अशा वेळीं त्याच्याच हातून वेदनारहित शेवट करविणें ही दयाच होय. परंतु तो निर्णय परीक्षेनंतरचा असावा.

आमचें बदक आतां दोन वर्षांचें आहे. उपाय उशिरा झाल्यामुळें डावा पाय वांकडाच राहिला. जमिनीवर तें सर्वांच्या मागें असतें, पाण्यांत कोणाच्याही मागें नाहीं. त्यानंतर आणलेल्या पिलांस आरंभापासून योग्य खाद्य दिलें, त्यांतील एकही लंगडें झालें नाहीं. शेतकरी बंधूंनीं आमच्या चुकीवरून इतकें जरी घेतलें तरी हा पाठ लिहिल्याचें सार्थक होईल.