तुळशीचे पान : गुण आणि मर्यादा

वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आणि अंगणात वृंदावन. तेव्हा तुळशीची थोरवी आपणांस कुणी निराळी सांगावी असे नाही. पण ज्येष्ठात मुक्ताईनगराहून मुक्ताईंची पालखी निघाली की जळगाव-धुळ्याकडचे कित्येक भाविक वाटेतल्या ताप-खोकल्याला तुळशीच्या काढ्यावरच विसंबतात. काहीजण तर डॉक्टरांच्या गोळ्याही बाजूला सारतात. म्हणून या पानाचा विचार करू.

चरकसंहितेत तुळशीला ‘सुरसा’ म्हटले आहे. ती खोकला, दमा, उचकी यांवर हितकर, कफवात शमविणारी; पण पित्त वाढविणारी, हेही तिथेच सांगून ठेवले. भावप्रकाशातही ती उष्ण व दाह करणारीच. गुणाबरोबर दोष सांगावा, ही शास्त्राची रीत.

आधुनिक रसायनशास्त्र काय म्हणते? पानाच्या सुगंधी तेलात युजेनॉल असते, लवंगेतही तेच. शिवाय उर्सोलिक आम्ल, रोझमॅरिनिक आम्ल आणि फ्लॅव्होनॉइड द्रव्ये आहेत. जमीन, हंगाम व जात यांप्रमाणे त्यांचे प्रमाण बदलते.

यांतली काही द्रव्ये ‘ऑक्सिडीकरणरोधक’ आहेत. म्हणजे काय? भरताचे नव्हे, भाजीचे वांगे चिरून ठेवले की हवेने काळे पडते. लिंबू चोळले तर तितके पडत नाही. तसेच काहीसे. प्रयोगशाळेत एका जांभळ्या द्रावात पानांचा अर्क घालतात. रंग उतरून पिवळट झाला की गुण कळतो. पण बाटलीत रंग उतरला म्हणजे देहातला रोग उतरला, असे नव्हे. हा भेद ध्यानात धरावा.

आता अपाय. तीर्थातले दोन-चार दल निरोगी माणसाला बाधत नाही. दाट अर्क आणि तेल यांची गोष्ट वेगळी. तेलात मिथाइल युजेनॉल कमी-अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 साली त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. म्हणून तुळशीचे तेल मनाने पिऊ नये. रक्त पातळ करण्याची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर काढा वा अर्क नित्य घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर मायबहिणींनी अर्क टाळावा. कपाशी-केळीच्या बांधावरची पाने तोडू नयेत. फवारणीचे विष वाऱ्याने त्यांवर बसते, आणि ते नुसत्या धुण्याने पुरते जाईलच असे नाही.

ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, तर दिंडीसोबतच्या आरोग्यपथकाकडे जावे. त्याने निष्ठेला उणेपणा येत नाही. हा देह पंढरीला न्यायचा आहे, तो जपणे हीही सेवाच. तुळस देवाला वाहावी, प्रसाद म्हणून मुखी घालावी, आणि औषध म्हणून घेताना वैद्याचे ऐकावे.

रामकृष्णहरि.